दारू किती घालायची

आमच्या घरात दारू मी मोजते. प्यायची नव्हे, ती ख्रिसमसला एल्डनचा भाऊ घेऊन येतो आणि तोच संपवून जातो. मी म्हणते ती बंदुकीची. रिकाम्या पितळी पुंगळ्या घासूनपुसून घ्यायच्या, बुडाला नवी टोपी बसवायची, दारू मोजून ओतायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची, की झालं काडतूस. दुकानातून आयती काडतुसं आणणारी माणसं आमच्या गावातही आहेत, पण त्यांच्याबद्दल लोक जरा हळू आवाजात बोलतात.

आधी हे काम एल्डनचं होतं. एल्डन म्हणजे माझा नवरा. गवताचे गठ्ठे बांधायच्या मशीनमध्ये त्याचं उजवं मनगट सापडलं, डॉक्टरांनी त्यात स्क्रू ठोकून ते कसंबसं जागेवर ठेवलं, आणि तेव्हापासून त्याचा हात थरथरतो. दारूची वाटी काट्यावर ठेवताना अर्धी बाहेर सांडायची. तरी हा पठ्ठ्या हटायला तयार नाही. एक दिवस टेबलावर सांडलेली दारू याने चक्क फुंकर मारून उडवली. बाजूला शेगडी! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता!

"ऊठ," मी म्हटलं. "आजपासून इथे मी बसणार."

थोर्स्टाड घराण्यातल्या पुरुषाला त्याच्या काडतुसांच्या टेबलावरून आजवर कोणी उठवलं नव्हतं. तो उठला, गोठ्यात गेला आणि जेवायच्या वेळेपर्यंत गाईंशी बोलत बसला. मी शिकले. आणि सांगायला लाज कशाला वाटावी, मी त्याच्यापेक्षा चांगली काडतुसं बनवते. सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. फक्त एल्डनसमोर कोणी बोलत नाही, एवढंच.

माझा एक नियम आहे. मी लाल टोपी घातली, की टेबलावर दारू आहे असं समजायचं आणि तोंड बंद ठेवायचं. घर पेटलं असेल तर हातवारे करून सांगायचं. कारण बोलता बोलता एखाद्या पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडली, तर रिव्हॉल्व्हरचे तुकडे होतात, आणि ती धरणाऱ्याचेसुद्धा. गावात हा नियम सगळे पाळतात. पास्टरसाहेब एकदा प्रार्थनेला बोलवायला आले होते, ते टोपी बघून दारातल्या दारात तोंडातल्या तोंडात प्रार्थना करून परत गेले.

आता मेंढ्यांचं सांगते. आमच्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी मेंढ्यांची स्पर्धा असते. खरे मेंढे नाहीत, लोखंडी. चांगल्या जाड पत्र्याचे, एकेक उचलायचा तर कंबर धरते. मैदानाच्या पार टोकाला पाच मेंढे रुळावर उभे करतात आणि इकडून मॅग्नम रिव्हॉल्व्हरने ते पाडायचे. पाडायचे, हं. नुसती गोळी लागून भागत नाही. गोळी लागली, टण्ण आवाज आला आणि मेंढा तसाच उभा राहिला, तर शून्य. लोक म्हणतात, "घंटा वाजली, पण दार उघडलं नाही." म्हणून काडतुसात दारू भरपूर लागते, आणि भरपूर दारू म्हणजे हाताला भरपूर धक्का.

गेल्या वर्षी एल्डनची एकदा घंटा वाजली, बाकीच्या गोळ्या मातीत. आणि दुसऱ्या दिवशी मिलीच्या कॅफेत, सगळ्यांसमोर, तोंडात अंडं असताना हा माणूस बोलून बसला, "पुढच्या वर्षी एक तरी मेंढा आडवा केला नाही, तर रिव्हॉल्व्हर विकेन आणि गोल्फ खेळेन."

आमच्याकडे गोल्फ हा शब्द लोक दवाखान्यातल्या आजारांच्या नावासारखा उच्चारतात. लायल हॅल्व्होर्सन त्याला म्हणाला, "अरे, असं वाईटसाईट बोलू नकोस." पण शब्द गेला तो गेला. एल्डन दिला शब्द फिरवणाऱ्यांतला नाही, हीच तर माझ्या जन्माची कटकट आहे.

हसू नका. ती रिव्हॉल्व्हर त्याच्या हातातून गेली असती, तर तिच्याबरोबर बरंच काही गेलं असतं. अपघातानंतर ट्रॅक्टर भाच्याकडे गेला. गाई अर्ध्या झाल्या. घोडा विकला. मेंढ्यांचा रविवार तेवढा उरला होता, आणि त्या रविवारसाठी हा माणूस बाकीचं वर्ष सकाळी उठून दाढी करायचा. हे मला दिसत होतं. मी बडबडी असेन, आंधळी नाही.

स्पर्धेला थोडे दिवस राहिले आणि मी टेबलाशी बसले. लाल टोपी डोक्यावर. तेवढ्यात आमची मुलगी जोलीन दारात येऊन उभी राहिली. ती बिलिंग्जला मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे. हातात बापाच्या मनगटाचा एक्स-रे. टोपी बघून बोलली नाही, पण एक्स-रे खिडकीला लावून त्यावर बोट ठेवलं, मग स्वतःचं मनगट धरून लोंबकळवून दाखवलं, मग डोळे फिरवून मान टाकली. मी हातातल्या सगळ्या पुंगळ्या पुऱ्या केल्या, दिव्याखाली एकेक बघितली, गोळ्या बसवल्या, मग टोपी काढली.

"बोल. नाटक काय लावलंयस?"

"आई, एक स्क्रू ढिला झालाय. डॉक्टर म्हणाले, असे जोरात धक्के बसत राहिले तर मनगट कायमचं जाईल. मग काटा-चमचासुद्धा धरता यायचा नाही."

"बापाला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, स्क्रू माझा आहे, मी बघतो." जोलीन खुर्चीवर बसली. "आई, तू दारू थोडी कमी घाल ना. चमचाभर. त्यांना कळणार पण नाही."

"चमचाभर! साखर आहे का ती?"

पोरगी शिकलेली, पण या बाबतीत बापाचं काही उचललं नाही. मॅग्नममध्ये आम्ही घालतो ती दारू मंद जळणारी असते, आणि तिचा स्वभाव माझ्या सासूसारखा आहे. तिला पूर्ण मान द्या, पुंगळी भरभरून द्या, ती गुण्यागोविंदाने काम करते. जास्त घाला, ती अंगावर येते. पण कमी घातली, तर याहून वाईट: नीट पेटतच नाही, फुसकन आवाज होतो, आणि गोळी नळीत मध्येच अडकून बसते. मारणाऱ्याला वाटतं नेम चुकला. तो पुढची गोळी झाडतो, आणि मग जोलीनच्या हॉस्पिटलला काम लागतं. प्रेमापोटी चिमूटभर दारू कमी करणाऱ्या बायका विधवा होतात, हे मी तिला सांगितलं.

"मग काहीच करता येणार नाही?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी असं कधी म्हटलं?" मी म्हटलं आणि तिला गाजरं सोलायला पाठवलं.

ती गेली तोच खिडकीत लायलचं डोकं. लायल एल्डनचा शाळेपासूनचा मित्र आणि मैदानाचा कप्तान. मेंढे उभे करायचं काम त्याचंच. माझी टोपी टेबलावर पडलेली बघून त्याने हळूच विचारलं, "वर्ना, बोलू का?"

"बोल. आज माझ्याकडे जत्राच आहे."

"मी म्हणत होतो, एल्डनच्या काडतुसांत दारू भरपूर घाल. भरपूर म्हणजे... पुस्तकात दिलीय त्याच्यावर चिमूटभर. या वेळी मेंढा पडलाच पाहिजे गं. तो गोल्फ खेळायला लागला तर मी कोणाबरोबर भांडू?"

"लायल, तुझ्या पुंगळ्या गेल्या वर्षी जास्त दारूने चेंबरमध्ये चिकटल्या होत्या की नाही? हातोडीने ठोकून काढल्यास. बुडाच्या टोप्या चपट्या झाल्या होत्या पैशासारख्या. तुझी ती रिव्हॉल्व्हर अजून आहे ती तुझ्या बायकोच्या प्रार्थनेमुळे. पुस्तकाच्या वर मी कणभर जाणार नाही. आणि खिडकीतून तुझी कोपरं काढ, माझी जिरेनियमची कुंडी आहे तिथे."

तो गेला. पण जाताना असा काही चेहरा केला, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. हा माणूस विचार करायला लागला की काहीतरी मोडतं, असा गावाचा अनुभव आहे.

मग मी एकटी बसले, आणि खरं सांगते, माझी मतीच गुंग झाली. मला बाजारात टोमॅटो निवडायला वेळ लागत नाही, नवरा निवडायला लागला नाही, मुलीचं नाव मी कळा देता देता ठरवलं. पण आता काट्यावर वाटी ठेवायची आणि तिच्यात काय घालायचं तेच ठरेना. भरपूर घातली, तर मेंढा पडेल आणि मनगट जाईल. हलकं काडतूस दिलं, तर मनगट राहील, घंटा वाजेल, दार उघडणार नाही, आणि पुढच्या वसंतात हा माणूस चौकड्यांची पँट घालून हिरवळीवर उभा.

शेवटी मी दोन्ही बनवली. निळ्या डब्यात नेहमीची, पूर्ण ताकदीची. आणि पिवळ्या डब्यात हलकी. तीच दारू कमी करून नव्हे. वेगळीच, भरभर जळणारी, पापुद्र्यांची दारू, जी थोडीशीच लागते आणि पुंगळीच्या तळाशी बसते. त्या कामात दुप्पट डोळे ठेवावे लागतात, कारण पुंगळी अर्धी रिकामी राहते आणि चुकून दोनदा दारू पडली तरी वरून पटकन कळत नाही. मी एकेक पुंगळी दिव्याखाली धरून दोन-दोनदा बघितली. बाहेरून दोन्ही काडतुसं सारखी. गोळी तीच, पितळ तेच.

एकच भानगड होती. हलकी गोळी लांबवर जाताना खूप खाली पडते, म्हणून रिव्हॉल्व्हरच्या मागची नेम धरायची खाच स्क्रू फिरवून वर करावी लागते. एल्डनचा सराव डॉक्टरांनी बंद केला होता. तो चर्चच्या कुंपणाच्या कामाला गेला तेव्हा मी मागच्या कुरणात जाऊन पिवळ्या डब्यातली गोळी झाडून बघितली, खाच वर केली, रिव्हॉल्व्हर पुसून पेटीत परत ठेवली. म्हणजे माझं ठरलं होतं म्हणायचं. तरी निघताना निळा डबा मी पिशवीत टाकलाच. का टाकला, विचारू नका.

रविवारी मैदानावर सगळं खोरं जमलं होतं. चर्चच्या बायकांनी ॲपल पाय भाजून आणले होते, अग्निशमनवाल्यांनी स्टेकसाठी निखारे पेटवले होते. वारा असा, की कागदी ताटांवर दगड ठेवावे लागत होते. जोलीन माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "कोणती दिलीस?"

"गप्प बस," मी म्हटलं. एल्डनच्या हातात मघाशीच मी पिवळा डबा दिला होता. त्याने डबा घेतला, माझ्या गालावर ओठ टेकवले आणि म्हणाला, "तू बनवलीस म्हणजे बघायला नको." मी पिशवीतला निळा डबा आणखी खाली दाबला.

त्याची पाळी आली. आता लोखंडी मेंढे मारायचे ते उभं राहून नव्हे. पाठीवर रेलायचं, गुडघे वर घ्यायचे, आणि रिव्हॉल्व्हर मांडीच्या बाजूला टेकवून नेम धरायचा. कितीही मोठा माणूस असो, त्या वेळी तो उताण्या पडलेल्या झुरळासारखा दिसतो. एल्डन आडवा झाला. सगळ्यांनी कानांवर टोपणं चढवली. लायलने लाल झेंडा वर केला. एल्डनने रिव्हॉल्व्हर पेटीतून काढली, उचलून एकदा डोळ्यासमोर धरली, आणि मग डबा उघडायला हात पुढे केला.

तेवढ्यात एक वाऱ्याचा झोत आला. माझी हॅट गेली. आणि तिकडे, मैदानाच्या पार टोकाला, डावीकडून दुसरा मेंढा धाडकन आडवा झाला.

सगळ्यांच्या कानांवर टोपणं, त्यात वाऱ्याचा घोंगाट! गोळी झाडली की नाही, हे कोणाला ऐकू येणार? पास्टरची बायको मार्लिस उभी राहून ओरडली, "शाब्बास, एल्डन!" सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. कोणी शिट्ट्या मारल्या. अग्निशमनवाल्यांनी सायरन वाजवला. तोपर्यंत दुसरा झोत आला आणि चौथा मेंढा पडला. टाळ्या आणखी वाढल्या. आणि एल्डन आडवा पडलेला, एका हातात रिकामी रिव्हॉल्व्हर, दुसऱ्या हातात बंद डबा.

रागावलेल्या माणसाने ताडकन उठायचं असतं. पण पाठीवर पडलेल्या, मनगट गेलेल्या, सत्तरी जवळ आलेल्या माणसाला ताडकन उठता येत नाही. तो आधी कुशीवर वळला, मग गुडघ्यांवर आला, मग एक पाय पुढे टाकला. एवढ्या वेळात टाळ्या हळूहळू थांबल्या. मार्लिसचे हात सगळ्यांत शेवटी थांबले.

"लायल!"

लायल झेंड्याच्या मागे लपायला बघत होता. झेंडा लहान होता.

"मेंढे कसे उभे केलेस?"

"रुळावर," लायल म्हणाला.

"रुळावर कुठे?"

"म्हणजे... मागच्या कडेला. जरासे. थोडे बाहेरच." मग त्याचाही धीर सुटला. "अरे, फक्त तुझेच! बाकी कोणाचे नाही, शप्पथ! म्हटलं, नुसता धक्का लागला तरी पडतील. वारा एवढा सुटेल हे मला काय माहीत!"

"जा," एल्डन म्हणाला. "पाचही मधोमध उभे कर. मी दुर्बिणीतून बघतोय."

लायल आपल्या चारचाकी मोटरसायकलवर बसून धूळ उडवत गेला. लोक उगाच कॉफीकडे वळले. मी नेमबाजांच्या सामानाच्या टेबलापाशी गेले. एल्डनने दुर्बीण डोळ्याला लावली होती, आणि त्याचं नाक लाल झालं होतं. लग्नानंतर त्याचं नाक असं लाल झालेलं मी त्याची आई गेली तेव्हाच पाहिलं होतं.

"सगळं गाव माझी कीव करतंय, वर्ना," तो म्हणाला. "लहान पोराला जिंकू देतात तसं. निदान तू तरी नाही केलीस."

अहो, काय करावं माणसाने! जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं. बोलले नसते, तर तो पिवळ्या डब्यातल्या गोळ्या झाडणार, पाच वेळा टण्ण वाजणार, आणि तो आपल्या नेमाला दोष देत घरी येणार. मनगट शाबूत. बाकी सगळं संपलेलं. माझ्या मनाशी मी म्हणत होते, गप्प बस, बये, मनगट वाचतंय. पण मला ते सहन होईना. माझ्यावर भरवसा टाकून उभा होता तो.

"एल्डन," मी म्हटलं, "पिवळ्या डब्यात हलकी आहेत."

त्याने दुर्बीण खाली केली नाही. "माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे?"

"खाच केवढी वर केलीयस! चंद्रावर नेम धरायचाय का? हातात घेतल्याबरोबर दिसलं."

माझं पित्त खवळलं. "मग मघाशी 'निदान तू तरी' हे काय होतं?"

"तुला बोलायला किती वेळ लागतो ते बघत होतो. एरवी माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस." आता त्याने दुर्बीण खाली ठेवली. "भारी आणलीयस का?"

मी पिशवीतून निळा डबा काढून टेबलावर ठेवला.

"दोन्ही आणलीस?"

"ठरवता येईना," मी म्हटलं. मला स्वतःचाच राग आला. "तुझा तो स्क्रू ढिला आहे, गाढवा. मनगट कायमचं जाईल म्हणतात. मनगट तुझं, पण बाहीची बटणं मलाच लावायची आहेत!"

"लावतेसच की."

"थट्टा नकोय मला."

"थट्टा नाही करत." तो माझ्याकडे बघत होता. "मी हरलो, तर माझ्यामुळे हरू दे. वय झालं म्हणून, हात कापतो म्हणून, कशाने का असेना. पण तू मला हरवू नकोस, वर्ना. तुझ्या मायेने तर नकोच."

मागून जोलीन आली, "बाबा, अजिबात नाही हं," म्हणत. मी तिला म्हटलं, "तू मध्ये पडू नकोस." मग म्हटलं, "बर्फ आणून ठेव," कारण ती माझी मुलगी आहे आणि तिलाही काहीतरी करायला हवं होतं.

मी बारका स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खाच पूर्वी होती तिथे खाली आणली. त्याच्या हाताने ते झालं नसतं. त्याने पाहिलं, मान हलवली. पिवळा डबा मी पिशवीत टाकला. मग डोळे मिटून घ्यावेसे वाटले, पण मिटले नाहीत. काडतुसं मी बनवली होती, बघणं भाग होतं.

तो पुन्हा आडवा झाला. लायल परत येऊन झेंड्यापाशी उभा राहिला, मान खाली. पहिली गोळी सुटली तेव्हा आवाजाने टेबलावरचे कप हलले. मेंढ्याच्या पायाशी धुरळा उडाला. चुकली. एल्डनने ओठ दाबले आणि रिव्हॉल्व्हर मांडीवर ठेवून हात झटकला. मी माझं मनगट दुसऱ्या हाताने आवळून धरलं होतं, ते मला नंतर कळलं.

वारा जरा थांबला होता. त्याने फार वेळ नेम धरला. एवढा, की लायलने घड्याळाकडे बघितलं आणि परत दुसरीकडे मान वळवली.

दुसरी गोळी. आधी टण्ण ऐकू आलं, टोपणांतूनही. मेंढा मागे झुकला. माझ्या तोंडून काय निघालं ते पास्टरसमोर पुन्हा सांगता येणार नाही. आणि मेंढा गेला. रुळावरून सरळ मागे गेला, चारही पाय आकाशाकडे.

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. मघाशी फसलेले लोक एकमेकांकडे बघत होते, वाजवायच्या की नाही. मग मार्लिसने कानांवरची टोपणं काढली आणि विचारलं, "या वेळी त्याने मारली ना?" लायल म्हणाला, "त्यानेच!" आणि मग मैदानाने जो गोंगाट केला, तो माझ्या छातीत अजून आहे. मी रडले. रडले म्हणजे रडले, त्यात काय.

तीन गोळ्या उरल्या होत्या. लायलने झेंडा धरून ठेवला होता. एल्डनने रिव्हॉल्व्हरकडे बघितलं, मग त्याने ती उघडली, आणि पुंगळ्या आणि काडतुसं सगळी बाहेर पाडली.

"झालं," तो म्हणाला.

"अजून वेळ आहे, एल्डन!" लायल ओरडला.

"एक म्हटलं होतं. एक झाला. मधोमध उभा होता ना?"

"मधोमध!" लायल म्हणाला, आणि धुरळ्याला दोष देत नाक पुसायला लागला.

मनगट सुजून वांग्याएवढं झालं. जोलीनने बर्फ बांधला, बोटं हलवायला लावली, बापाला नको नको ते बोलली. बोटं हलत होती. सगळी नाही, पण हलत होती. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं असं तिने बजावलं. एल्डन "हो" म्हणाला. दुसऱ्यांदा विचारलं तरी "हो" म्हणाला. तेव्हा मला जरा भीतीच वाटली.

मग जेवण. लांब बाकांवर सगळं गाव बसलं होतं. लायल एल्डनच्या समोर बसला आणि वाऱ्याने पाडलेले दोन मेंढेसुद्धा हिशेबात धरायचे की नाही यावर त्याच्याशी भांडायला लागला. एल्डनच्या पुढ्यात स्टेक आला, चांगला हाताएवढा. उजवा हात बर्फात बांधलेला. त्याने डाव्या हाताने काटा धरला, मांसात खुपसला, स्टेक ताटात गोल फिरला. पुन्हा खुपसला. पुन्हा गोल. लायल बोलायचा थांबला. आजूबाजूचे लोकही आपापल्या ताटांत बघायला लागले. अपघातानंतर हा माणूस बाहेर जेवताना मांसाला हात लावत नसे, "आज बीन्सच खावेसे वाटतात" म्हणायचा. का ते सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी कधी बोललं नव्हतं.

मी हात पुढे केला नाही. जीभ चावून बसले.

एल्डनने काटा खाली ठेवला, आणि सगळ्या गावासमोर ताट माझ्याकडे सरकवलं.

"काप," तो म्हणाला. "पण कमी करू नकोस."